दोन बोटं माया

"काहून मॅडम, वाळल्या तुमी?"

नोटिशीची वही सहीसाठी पुढे धरत सुभद्रा म्हणाली आणि चारुतानं सही करायला उघडलेल्या पेनाचं टोपण पुन्हा लावून टाकलं. तिसरा तास नुकताच संपला होता. व्हरांड्यातून मुलं एकमेकांना ढकलत चालली होती. सुभद्रा या कॉलेजात बारा वर्षं शिपाई होती आणि तिचं बोलणं कायम असंच, पायरी न चढता थेट घरात शिरणारं. "बरं नाही का?" तिनं पुन्हा विचारलं. चारुता म्हणाली, "बरी आहे गं. मुद्दामच उतरवतेय वजन. डॉक्टरांनी सांगितलंय." "मंग ठीक हाय. मले वाटलं..." काय वाटलं ते सुभद्रानं सांगितलं नाही. वहीकडे बोट दाखवलं, "सही राह्यली," आणि सही झाल्यावर वही काखेत मारून पुढच्या वर्गाकडे निघून गेली. चारुता खडूचा डबा हातात घेऊन उभीच राहिली. चौथा तास तिचाच होता, अकरावी 'ब', मराठी. वर्गात शिरल्यावर फळ्यावर तारीख लिहिताना तिच्या लक्षात आलं की आपण महिना चुकीचा लिहिला आहे. फेब्रुवारीच्या जागी डिसेंबर.

गेल्या सहा आठवड्यांत तिला पुष्कळ जणांनी काही ना काही म्हटलं होतं. स्टाफरूममध्ये सीमा म्हणाली होती, "काय खाता हो नेमकं? आम्हालाही लिहून द्या." कॅम्पातल्या भाजीवाल्यानं लहान दिसता म्हणून वय विचारलं होतं. नवरा शुभंकर काही म्हणाला नव्हता, पण त्यानं कपाटातला, तिला घट्ट होऊन पडलेला जुना ड्रेस काढून खुर्चीवर ठेवला होता. बाकी सगळ्यांचा शब्द एकच, बारीक. बारीक झालात, बारीक झालीस, बारीक दिसतेस. 'वाळली' कोणी म्हटलं नव्हतं. वऱ्हाडात बाई बारीक होते ती हौसेनं, आणि वाळते ती आतून काही तरी लागल्यावर. वाळते कापसाची पऱ्हाटी, वाळते मिरची, सासरी नीट नसलेली पोर वाळते. वीस वर्षं चारुता मुलांना सांगत आली होती की समानार्थी असं काही नसतं, एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून पाहा, बसत नाही. मुलं ते उत्तरपत्रिकेत लिहीत. तिनं स्वतः ते फक्त शिकवलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रक्त तपासलं तेव्हा साखर काठावर होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "आठ किलो कमी करा, गोळीची गरज पडणार नाही. घरात कोणाला काही होतं?" "आईला," चारुता म्हणाली, आणि त्यांनी पुढे विचारण्याआधीच म्हणाली, "पण डायबिटीस नाही." दुसऱ्या दिवसापासून ती वडाळीच्या तलावावर फिरायला जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात पिंढऱ्या इतक्या दुखल्या की जिना उतरताना कठड्याला धरून आडवं उतरावं लागे. दुसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं आणि भूक आली. आधी तिला वाटायचं भूक पोटात लागते. आता कळलं, ती आधी कानांच्या मागे लागते, मग दातांच्या मुळांशी, मग वर्गात कविता वाचताना ओळीच्या मध्येच एक पोकळ जागा येते आणि त्या जागेतून राजकमल चौकातल्या गिला वड्यावर ओतलेल्या दह्याचा वास येतो. सकाळी एक वाटी पोहे, दुपारी ज्वारीची अर्धी भाकरी, संध्याकाळी मुगाचं काही तरी. मुलगी स्वराली हे सगळं फोनमध्ये लिहून ठेवायची. सोळा वर्षांची, आईसारखीच नेटकी. दर रविवारी सकाळी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि विचारायची, "किती?" चारुता आकडा सांगायची. स्वराली म्हणायची, "शाब्बास." पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा चारुता काट्यावरून अशी उतरली की जणू पायाखाली काही तरी तापलं होतं. स्वरालीला वाटलं, आकडा आवडला नाही. "अगं, एक किलो दोनशे म्हणजे खूप आहे," ती समजावत म्हणाली.

काटा आईचा होता. म्हणजे घेतला चारुतानंच होता, दीड वर्षामागे, अकोल्याला पाठवला होता आणि गेल्या वर्षी सगळं संपल्यावर परत आणला होता. काचेचा, चौकोनी, आकडे लाल. आईला काचेवर अनवाणी उभं राहायला गार लागायचं, म्हणून तिनं जुन्या परकराचा तुकडा कापून, चारी बाजूंनी दुमडून, शिवून त्यावर अंथरला होता. फिकट जांभळा, बारक्या टिपक्यांचा. तो तुकडा चारुतानं काढला नव्हता. त्याच्यासकटच वजन करायची. "त्याचं वजन धरलं जातं ना आई," स्वराली म्हणाली होती. "धरू दे," चारुता म्हणाली होती.

आईचे गुडघे दुखायचे. तिचं नाव सिंधू, जठारपेठेत सगळे सिंधूताई म्हणत, आणि तिथल्या घराला नऊ पायऱ्या होत्या. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी दहा किलो उतरवा, मग पाहू. चारुतानं ते काम अंगावर घेतलं, जसं ती वर्गातल्या मागे पडलेल्या मुलांचं घ्यायची. काटा पाठवला. काय खायचं त्याचा तक्ता पाठवला. आणि रविवारी सकाळी आठ वाजता फोन. पहिल्या रविवारी आई म्हणाली, "चौऱ्याहत्तर. लाज वाटते गं सांगायला." तिसऱ्या रविवारी म्हणाली, "बहात्तर पॉइंट सहा." चारुता म्हणाली, "शाब्बास!"  पलीकडे आई हसली. लहान मुलीसारखी, तोंडावर हात ठेवून हसल्यासारखी. फोनवरूनही हात दिसला. "अहो, चारू शाब्बास म्हणते आहे," ती आत ओरडून म्हणाली. चारुताला तेव्हा गंमत वाटली होती. आईला कधी आपण असं काही म्हटलं होतं का, हा विचार मनात आला नव्हता. म्हटलेलं नव्हतंच. आईनं फोनवर "मी स्वयंपाक करून राहिली आहे" म्हटलं की चारुता म्हणायची, "करते आहे म्हण, आई." पुण्याला एम.ए. करून आल्यापासून ही सवय लागली होती. आईनं पत्रात ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर ती तांबड्या शाईनं खूण करून, पुढच्या सुट्टीत पत्र परत नेऊन दाखवायची, थट्टेनं. आई थट्टा समजून हसायची. एकदा मात्र, फार पूर्वी, ती म्हणाली होती, "तुला पत्र लिहायचं म्हणजे मला परीक्षाच वाटते गं, चारू." आणि मग पत्रंच कमी झाली. फोन आले म्हणून कमी झाली असं चारुता समजत होती.

आईचं वजन उतरत गेलं. चारुतानं त्याचा आलेख केला. आडव्या रेषेवर रविवार, उभ्या रेषेवर किलो. लाल रेघ घसरगुंडीसारखी उतरत होती. तो तिनं आईच्या फोनवर पाठवला आणि आईनं तो सगळ्या नात्यात पाठवला. बार्शीटाकळीच्या मावशीनं उलट विचारलं, "हे काय आहे, शेअर बाजार?" गणपतीच्या सुमारास आई एकदा म्हणाली, "चारू, मी काही करतच नाही गं. आपोआप उतरतं आहे." चारुताला तो आईचा नेहमीचा स्वभाव वाटला. केलेलं काम कधी आपलं म्हणायचं नाही. "आपोआप काही होत नसतं, आई. तू करतेस म्हणून होतंय." "भूकच लागत नाही आजकाल," आई म्हणाली. यावर चारुता काय म्हणाली होती ते तिला शब्द न शब्द आठवत होतं, आणि कुठंही आठवायचं. भांडी लावताना, पेपर तपासताना, तलावाला चौथी फेरी घालताना. ती म्हणाली होती, "छान! पोट लहान होतंय तुझं. तेच तर हवंय."

दिवाळीला ते सगळे अकोल्याला गेले. आईनं चकल्या केल्या, अनारसे केले, ताट भरून पुढे ठेवले आणि स्वतः काही घेतलं नाही. "संयम बघा आजीचा," चारुता स्वरालीला म्हणाली. आईच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती. मंगळसूत्र त्या खोलगट जागेत जाऊन बसायचं. चारुतानं तिला अंगणात पायऱ्यांवर उभं करून फोटो काढला, मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी लावला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आधी आणि नंतर. छत्तीस जणांनी अंगठे दाखवले. बाबा तेवढे त्या रात्री जेवताना म्हणाले होते, "हिचा चेहरा उतरला आहे गं." बाबा म्हणजे हरिहरराव, चाळीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात वकिली केलेले. एखादी गोष्ट दोनदा म्हणायची त्यांना सवय नव्हती. चारुता हसून म्हणाली, "तुम्हाला जाड बायकोची सवय झालीय, बाबा." सगळे हसले. आईही हसली. तिनं ताटातला वरणभात बोटानं एका बाजूला सारला आणि त्यावर पोळीचा तुकडा झाकून ठेवला, हे चारुतानं पाहिलं होतं. पाहिलं होतं, म्हणूनच आज आठवत होतं. न पाहिलेलं आठवत नाही.

डिसेंबरात आईचे डोळे पिवळे झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "वजन केव्हापासून उतरतंय?" घरातलं कोणीही अशा प्रश्नाला 'दोनेक महिने झाले असतील' असं सांगतं. चारुतानं फोन उघडून आलेख दाखवला. डॉक्टरांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. गणपतीनंतर रेघ एकदम उभी झाली होती ती जागा त्यांनी नखानं दाखवली. "एवढी चांगली नोंद कोणी ठेवत नाही," ते म्हणाले. चांगला माणूस होता. त्यांना ती शाबासकीच वाटली असणार. गाठ स्वादुपिंडात होती. स्वादुपिंड हा शब्द चारुताला माहीत होता, तो अवयव शरीरात नेमका कुठे असतो ते त्या दिवशी कळलं. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला आई गेली. तेव्हा ती एकोणपन्नास किलोची होती. तो आकडा दवाखान्यातल्या कागदावर होता. चारुतानं तो आलेखात भरला नाही. आलेख मात्र पुसलाही नाही.

शनिवारी ती अकोल्याला गेली. वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात होतं, आणि बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "कपाट एकदा बघून जा. मला त्यातलं काही कळत नाही." बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तिला सुभद्राचं वाक्य सोडत नव्हतं. तिनं खिडकीच्या काचेत आपली हनुवटी पाहिली. मग मनगट धरून पाहिलं, अंगठा आणि बोट आता एकमेकांना टेकत होते.  आपण उतरवतो आहोत की उतरतं आहे? सहा आठवडे आपण चालतो, मोजतो, ही सगळी आपली करणी असं आपण समजतो. आईलाही आपण तसंच समजावलं होतं. तू करतेस म्हणून होतंय. बस बोरगावला थांबली. खालून कोणी तरी उकडलेल्या शेंगा चढवल्या आणि त्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या पाण्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. ती मनगटच धरून बसली होती.

बाबा अंगणातल्या खुर्चीत होते. "आलीस," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, तिच्याकडे नीट पाहून, "चहा घेशील? साखर घालू का घालायची नाही?" गेल्या वर्षात ते चहा करायला शिकले होते. "तुझी तब्येत..." त्यांनी वाक्य सुरू केलं आणि सोडून दिलं. दिवाळीच्या रात्रीनंतर त्यांनी या घरात कोणाच्या चेहऱ्याबद्दल काही म्हटलं नव्हतं. चारुताला वाटलं, आता त्यांनी म्हणावं. म्हणाले असते तर ती हसली नसती. पण ते कप विसळायला उठले.

कपाटात साड्या आईनं लावल्या तशाच होत्या आणि प्रत्येक साडीच्या घडीत तिचा ब्लाउज. चारुतानं हिरव्या इरकलीतला काढला. आईचा हा आवडता. अंगाला लावून आरशात पाहिलं आणि मग, का ते न कळता, घालून पाहिला. दंडात बसेना. ही गोष्ट समजायला तिला थोडा वेळ लागला. आई तिच्याहून नेहमी जाड. लहानपणी आईच्या ब्लाउजात दोन चारुता मावायच्या. आता ब्लाउज तिला घट्ट होत होता. तिनं तो काढून उलटा केला. आतल्या बाजूला, काखेखाली, शिवणीच्या तीन रेघा होत्या. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, आणि त्यांच्याबाहेर चार बोटं कापड तसंच दुमडून ठेवलेलं.

वच्छलाबाईचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, एक मशीन, एक पाटी. आईचे ब्लाउज तीसेक वर्षं तिनंच शिवले. ती मूळची बार्शीटाकळीकडची, घरची शेती असलेली. नवरा गेल्यावर मुलांच्या शाळेसाठी अकोल्याला आली आणि राहिली. चारुताचा लग्नातला ब्लाउजही तिनंच शिवला होता आणि मापं घेताना म्हणाली होती, "माया दोन बोटं ठेवतो व बाई. आता तुमी भराल." शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, हे चारुतानं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वर्गात माया शब्दाचे अर्थ सांगताना ती ममता सांगायची, भ्रम सांगायची, पैसाअडका सांगायची. हा अर्थ तिनं कधी फळ्यावर लिहिला नव्हता. शब्दकोशात असला तरी शिंप्याचा म्हणून सोडून दिला होता.

"या व माय," वच्छलाबाई म्हणाली. चष्मा कपाळावर ढकलून तिनं चारुताला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शिंपिणीचं पाहणं, टेप न लावता माप घेणारं. "बसा. पाणी घ्या." चारुतानं ब्लाउज पुढे केला. म्हणाली, मला होईल असा करून द्याल का. वच्छलाबाईनं तो उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि त्या तीन रेघांवरून अंगठा फिरवला, हळू, एकेकीवरून. 

"हे पाहा," मग ती म्हणाली. "थे पह्यली टीप गणपतीतली. ही दिवाळीच्या आधीची. अन् ही शेवटची, मार्गशीर्षातली. तीनदा आल्या बाई. मी म्हटलं, एवढं कापड आत बोचते, कापून टाकतो. तं नाही म्हणे. माया राहू दे वच्छला. मी भरीन पुन्हा, नाही तं चारू घालीन."

 मशीनच्या चाकावर उजेडाची एक पट्टी होती, ती चारुतानं पाहिली.

"मी सांगतलं होतं त्यायले," वच्छलाबाई म्हणाली. "तिसऱ्या खेपेस आल्या तवा. तोंडावर सांगतलं. म्हटलं बाई, हे बारीक होणं नोहे. हे वाळणं हाय. मायी माय अशीच वाळली होती. पोरीले सांगा, डॉक्टरले दाखवा."

"काय म्हणाली?"

वच्छलाबाईनं ब्लाउज मांडीवर ठेवला. "सोडा ना आता. काहाले?"

"सांगा."

"म्हणे, सांगीन. पुढच्या रविवारी सांगीन. मंग हसल्या. म्हणे, वच्छला, रविवारी मी काट्यावर उभी राह्यली का चारू मले शाब्बास म्हणते. लई खूश होते व ती. मायी चारू, म्हणे, मले कधी शाब्बास म्हणत नव्हती. अजून दोन-तीन रविवार ऐकून घेतो, मंग सांगतो." तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "मी रागावलो त्यायच्यावर. शाब्बासकी का जिवापेक्षा मोठी हाय? तं म्हणे, तुले नाही समजत."

बाहेरून एक ऑटो गेला. त्याच्या आवाजात चारुताला थोडा वेळ मिळाला. दोन-तीन रविवार. मार्गशीर्षातले. तिनं मनात आलेख उघडला, नकोसं वाटत असताना. त्रेसष्ट, एकसष्ट पॉइंट आठ, साठ पॉइंट चार. तिन्ही रविवारी तिनं एकच शब्द म्हटला होता, शेवटच्या वेळी तर दोनदा. आणि पलीकडून ते हसणं आलं होतं, तोंडावर हात ठेवलेलं. दोन-तीन रविवारांनी काही झालं नसतं, नागपूरचे डॉक्टर तसंच म्हणाले होते. पण चारुता त्या रविवारांचा हिशेब करत नव्हती. तिला दिसत होतं ते एवढंच की एक बाई, सदुसष्ट वर्षांची, भरल्या घरात, इतकी भुकेली होती. आणि ती भूक कोणत्याच काट्यावर आली नव्हती.

"उठा, माप घेतो," वच्छलाबाई म्हणाली. टेप छातीवरून फिरवताना तिनं मध्येच विचारलं, कोरड्या आवाजात, "तुमी काहून उतरल्या?"

"साखर आहे जरा. फिरते. कमी खाते."

"भूक लागते?"

प्रश्न इतका साधा होता. टेपचं गार टोक पाठीवर होतं. चारुतानं उत्तर देण्याआधी खरोखरच आत पाहिलं, जसं कोणी हाक आल्यावर आतल्या खोलीत डोकावून पाहतं. सकाळपासून तिनं एक वाटी पोहे खाल्ले होते. बोरगावच्या शेंगा आठवल्या. तोंडाला सुटलेलं पाणी आठवलं.

"लागते," ती म्हणाली. "खूप लागते."

"मंग काही नाही. बारीक होऊन राह्यल्या." वच्छलाबाईनं टेप गळ्यात टाकला. "वाळत्या माणसाले भूक नाही लागत." आणि ती मशीनसमोर बसून लहान कात्रीच्या टोकानं शिवण उसवू लागली. आधी मार्गशीर्षातली. धागा तटतट तुटत होता. मग दिवाळीची. उसवलेल्या जागी कापडावर भोकांची रांग राहत होती, मुंग्या गेल्यासारखी. "ह्या खुणा नाही जात," ती मान न उचलता म्हणाली. "इस्तरीनं नाही जात." गणपतीच्या टिपेपाशी थांबून तिनं ब्लाउज चारुताला दिला. चारुता आत जाऊन घालून आली. बसला. दंडात, काखेत, पाठीत, कुठेही ओढ नव्हती. या मापात असताना आई म्हणाली होती, भूकच लागत नाही आजकाल.

"हेच माप," वच्छलाबाई म्हणाली. "बाकीची माया कापू का आता? बोचीन."

"नको."

"उद्या अजून उतरल्या तुमी तं?"

"तेव्हा पुन्हा टीप घाला. कापू नका."

"ठेवतो," वच्छलाबाई म्हणाली आणि पैसे घेतले नाहीत. "बाईचंच हाय थे. मी का नवं शिवलं?"

परतीची बस साडेचारची होती. ब्लाउज पिशवीत घडी घालून मांडीवर होता. मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंच्या काळ्या शेतांवर ऊन तिरपं झालं होतं, आणि भूक आली. कानांच्या मागून, दातांच्या मुळांतून, नेहमीच्या वाटेनं. चारुता तिला आज, ओळखीच्या बाईला द्यावी तशी, सरकून जागा देत होती. पर्समध्ये फुटाण्याची पुडी होती. ती काढायला हात गेला तेवढ्यात फोन वाजला. स्वराली.

"आई, निघालीस? उद्या रविवार आहे, लक्षात आहे ना. बाहेरचं काही खाल्लं नाहीस ना?"

"नाही."

"खरं?"

"खरं. बोरगावला शेंगा होत्या. घेतल्या नाहीत."

"शाब्बास!" स्वराली म्हणाली.

चारुताच्या चेहऱ्यावर हसू आलं. थांबवण्याआधीच आलं, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. किती गोड होता तो शब्द. हे तिला ठाऊकच नव्हतं. आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून, वरच्या पायरीवरून आल्यासारखा, थोडा मास्तरीण होऊन म्हटलेला. सहा आठवडे तो दर रविवारी येत होता आणि ती तो भाजल्यासारखा झटकत होती, एकदाही चाखला नव्हता. आता जिभेवर राहिला, आणि तिला कळलं की यासाठी बाई काहीही झाकून ठेवेल. ताटातला भात पोळीखाली झाकेल. आणखी एक रविवार मागेल. मग आणखी एक. तोंडावरचा हात तिनं काढला नाही. शेजारची बाई पाहत होती.

"आई? रेंज गेली का? हॅलो?"

"आहे," चारुता म्हणाली.  "स्वरा, ऐक. मला भूक लागली आहे."

"कंट्रोल, आई. तासाभरात घरीच येशील."

"हो. पण तू ऐकून घे. फार भूक लागली आहे मला. लिही तुझ्या त्या फोनमध्ये."

"भूक कुठे लिहितात?"

"वजनाच्या खाली लिही," चारुता म्हणाली. "उद्या आकडा विचारायच्या आधी हे विचार. दर रविवारी विचार, आणि मी काय सांगते ते लिही."

 पलीकडून फोनवर टाइप करताना येतो तसा बारीक आवाज आला, टकटक, टकटक. "लिहिलं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, वेगळ्याच आवाजात, मोठ्या माणसाच्या नव्हे, सोळा वर्षांच्या मुलीच्या आवाजात, "आई, आजी सांगत होती का गं तुला? भूक लागते की नाही ते?"

बसनं बडनेऱ्याचं वळण घेतलं. चारुतानं पिशवीवर हात ठेवला. कापडाच्या आतली ती दुमडलेली चार बोटं हाताला लागली.

"सांगत होती," ती म्हणाली. "मी छान म्हणाले."